तिसरा टाकला की करकर... घरीच बॉक्स खोलू का?

प्रश्न : गाडी जुनी झालीय पण इंजिन अजून ठणठणीत आहे. प्रॉब्लेम एकच, चौथ्यातून तिसऱ्यात येताना करकर आवाज येतो, बाकीचे गिअर लोण्यासारखे पडतात. सर्व्हिस मॅन्युअल आहे, नटबोल्टचे पाने आहेत, चार दिवस सुट्टीही आहे. गिअर बॉक्स उतरवून घरीच रिपेअर करावा म्हणतोय, जमेल का? (एक हौशी वाचक)

उत्तर : जमेल हो, पण लगेच गाडीखाली शिरू नका. आधी क्लच तपासा. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तिथेही करकरलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, बॉक्स उगाच खोलाल. रिव्हर्स गुपचूप पडला आणि डबल क्लच करून (क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर) तिसराही शांतपणे पडला, तर मात्र तिसऱ्याची सिंक्रो रिंगच गेलीय असं बिनधास्त धरा.

ही पितळी रिंग गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर घासून गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवते. आतल्या बाजूला बारीक आटे असतात, ते मधलं ऑइल कापून पकड घेतात, आणि आटे गुळगुळीत झाले की रिंग नुसतीच घसरते. बॉक्स खोलल्यावर रिंग कोनावर दाबून हाताने फिरवून बघा, चांगली असेल तर चिकटून बसते. मग रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन-चार जागी मोजा, रिंग झिजली की ही फट कमी होते. बऱ्याच बॉक्सना 0.5 मिमीच्या आसपास लिमिट असतं पण तुमच्या मॅन्युअलचा आकडाच खरा. गिअरचे आणि स्लीव्हचे (सरकून गिअरला अडकणारं कडं) टोकदार दातही बघा, ते बोथट झाले असतील तर एकटी रिंग बदलून काही दिवसांत पुन्हा तेच.

खोलणं सोपं असतं, घोळ होतो तो परत जोडताना. मी पहिल्यांदा जोडला तेव्हा स्लीव्ह उलटी बसवली होती, गिअर पडायचा आणि ऍक्सिलरेटर सोडला की टुपकन बाहेर, सगळं पुन्हा उतरवलं, अख्खा रविवार गेला. तेव्हापासून हब (स्लीव्हच्या आतला भाग) आणि स्लीव्हवर मार्करने खूण केल्याशिवाय मी सर्क्लिपला (त्यांना जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) हात लावत नाही. शिम (फट भरायची पातळ चकती) ज्या जागेची त्याच जागेला ठेवा. शिफ्ट रॉड ओढताना वर फडकं धरा, नाहीतर डिटेंटची (रॉड जागेवर अडकवून धरणारी) गोळी आणि स्प्रिंग उडून कुठे जाईल पत्ता लागणार नाही. बेअरिंग हातोडीने ठोकून काढू नका, पुलर किंवा प्रेस लागेलच, स्वतःकडे नसेल तर तेवढं काम बाहेरून करून घ्या, यात कमीपणा काही नाही. आणि बॉक्स एकट्याने छातीवर झेलायच्या भानगडीत पडू नका, चांगलाच जड असतो. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही.

बॉक्स खाली आलाच आहे तर ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) बदलूनच टाका. केसिंग बंद करण्याआधी एकेक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, कुठे अडकत असेल तर आत्ताच कळेल.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा. जीएल-4 (हा गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर "जीएल-5 भारी असतं" म्हणून ते ओतू नका, त्यातली गंधकाची केमिकल्स पितळेला खाऊ शकतात, म्हणजे नवी रिंग पुन्हा धोक्यात.