धनुष्य की बंदूक? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वीज, पेट्रोल, दुकाने, पोलीस असे सगळेच एकदम कोलमडले आणि जवळ एकच शस्त्र ठेवता येत असेल, तर धनुष्यबाण ठेवावा की बंदूक? (पुण्याहून)

उत्तर : किती काळासाठी आणि कशासाठी, यावर सगळे अवलंबून आहे. पहिले काही महिने, आणि तेही माणसांपासून बचाव करायचा असेल, तर बंदूकच. तिथे धनुष्याचा पाड लागत नाही. जानेवारी १९०० मध्ये झारखंडातल्या डोंबारी टेकडीवर बिरसा मुंडांचे अनुयायी बाण आणि कुऱ्हाडी घेऊन बंदुकांसमोर उभे राहिले. त्यांच्या धैर्यात काही कमी नव्हती, तरी माणसे मारली गेली ती त्यांचीच. पण वर्षानुवर्षे, कुणाच्या नजरेस न पडता पोट भरायचे असेल, तर मी धनुष्य निवडेन.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. उत्तर कॅलिफोर्नियात याही नावाची एक छोटी जमात होती. १८६० च्या दशकात आणि त्यानंतर गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिच्या वस्त्याच्या वस्त्या गोळ्या घालून संपवल्या. उरलेली मूठभर माणसे मिल क्रीक आणि डियर क्रीकच्या दऱ्यांमध्ये सुमारे चाळीस वर्षे लपून राहिली. त्यांच्या दृष्टीने समाज कोसळून झालेला होता. अशा वेळी बंदुकीचा एक बार दऱ्याखोऱ्यांत घुमला असता आणि शोध घेणारे थेट दारात आले असते. धनुष्याचा आवाज झाडीबाहेरही जात नव्हता.

त्यांच्यातला शेवटचा माणूस इशी. तो २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावात एकटा, उपाशी अवस्थेत सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली, म्हणून आज आपल्याला तिचे तपशील माहीत आहेत. धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेले. बाणाची टोके ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, आणि तितक्याच सफाईने गोऱ्यांच्या फुटक्या बाटल्यांचीही. हरणाच्या शिकारीआधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यावर अंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळत असे. माणसाचा वास हरणापर्यंत पोहोचला की संपलेच. सशाला जवळ बोलवायला तो बोटे ओठांशी धरून चीत्कारासारखा आवाज काढायचा. धनुष्याची ताकद बेताचीच होती, पण इतक्या जवळ जाणाऱ्याला ती पुरत होती.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. याहींचे पोट मुख्यतः ओकच्या फळांच्या पिठावर आणि सामन माशांवर चालायचे, हरीण ही त्यावरची भर होती. आणि १९०८ मध्ये मोजणीदारांच्या एका तुकडीला त्यांचा तळ सापडला, तेव्हा त्या लोकांनी तिथल्या वस्तू उचलून नेल्या. हत्यारांवाचून आणि साठ्यावाचून ते छोटे कुटुंब फार काळ तग धरू शकले नाही. हे वाचताना मला दरवेळी त्रास होतो. शस्त्र कोणते हा प्रश्न आपण फार चघळतो, पण जमवलेले सगळे एका दुपारी गेले तर काय, याचा विचार क्वचितच करतो.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. हरणाच्या शिकारीची परवानाधारक रायफल आणि काडतुसांचे खोके घरी आहे. ती किती वर्षे चालतील? जोडीला कंपाउंड बो (चकत्या आणि केबल असलेले आधुनिक धनुष्य) घ्यावा का? (डॅलसहून)

उत्तर : काडतुसे कोरड्या, थंड जागी ठेवली तर कित्येक दशके चालतात. उष्णता आणि दमट हवा हे त्यांचे शत्रू. प्रश्न ती संपल्यावरचा आहे. रिकामे आवरण पुन्हा भरता येते, शिसे वितळवून गोळी ओतता येते, परंतु बुडाशी जो छोटा ठिणगी देणारा स्फोटक ठिपका असतो, तो घरी बनवण्याची वस्तू नाही. तिथे कारखाना लागतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची जुनी दारू आणि ठासणीची गारगोटीची बंदूक या बाबतीत जास्त स्वावलंबी, पण गंधक आणि सोरा प्रत्येकाच्या परसात नसतात.

कंपाउंड बो मी सुचवणार नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन यांनी तो शोधला आणि शिकारीसाठी तो उत्तम आहे, कारण पूर्ण ताणल्यावर हातावर ओझे अगदी थोडे राहते. मात्र त्याच्या चकत्या, केबल आणि दोरी बदलायला खास दाबयंत्र लागते. केबल तुटली आणि दुकान बंद असेल तर हातात नुसते धातूचे तुकडे उरतात. त्याऐवजी सुटी पाती (धनुष्याचे दोन बाहू) बसवता येणारा साधा रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, घ्या. त्याची दोरी तुम्ही स्वतः वळू शकता. आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते. धनुष्य आणि दोरी एकाच बेटातून निघाली की बाजाराची गरजच उरत नाही.

अवघड असतो तो बाण. सगळ्या काड्या सारख्या वजनाच्या आणि सारख्या लवचिक नसतील तर एकच हात, एकच नेम असूनही प्रत्येक बाण वेगळीकडे जातो. सुरुवातीची कित्येक वर्षे धनुष्यापेक्षा बाणच घडवत बसावे लागेल, हे गृहीत धरा.

प्रश्न : इतिहासात बाण बंदुकीपेक्षा भराभर सुटत होते, मग बंदूक जिंकली कशी? (नागपूरहून)

उत्तर : वेगाबद्दल तुम्ही बरोबर आहात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फेब्रुवारी १७७६ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांनी जनरल चार्ल्स ली यांना पत्र लिहून धनुष्ये पुन्हा वापरायला सुचवले होते. एक गोळी भरून झाडेपर्यंत चार बाण सुटतात, धुराने लक्ष्य झाकले जात नाही, आणि दारूगोळ्यापेक्षा धनुष्यबाण मिळवणे सोपे, हे त्यांचे मुद्दे. दारूची टंचाई खरीच होती. तरीही सूचना बारगळली.

कारण शिक्षण. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवरची धनुष्ये वर काढली गेली, त्यांपैकी कित्येकांना ओढायला १०० पौंडांहून जास्त जोर लागे. असा तिरंदाज लहानपणापासून घडवावा लागतो. बंदूकवाला काही आठवड्यांत उभा राहतो. टेक्सासमधले कोमांची या आदिवासी जमातीचे घोडेस्वार एकबारी बंदुकांना दीर्घकाळ भारी पडत होते, कारण समोरचा भरण्यासाठी थांबला की बाणांचा वर्षाव होई. १८४४ मध्ये वॉकर्स क्रीकवर जॅक हेजच्या पंधराएक रेंजरांकडे (टेक्सासच्या सशस्त्र घोडेस्वारांकडे) पाच-बारी कोल्ट रिव्हॉल्व्हर आली आणि ती उसंतच नाहीशी झाली.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, रिकर्व्हवर तिची उत्तम प्रगती आहे. हे कौशल्य अशा प्रसंगी कामी येईल का? (नाशिकहून)

उत्तर : हात, पाठ आणि एकाग्रता, हे सारे कामी येईल. पण ऑलिंपिकचे लक्ष्य ७० मीटरवर, माहीत असलेल्या अंतरावर आणि स्तब्ध असते. हरीण तसे नसते. बाण सेकंदाला साधारण ५५ मीटर जातो आणि आवाज ३४० मीटर. म्हणजे २० मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार बाणाआधी पोहोचतो आणि ते खाली दबून उडी घेते. म्हणून लाकडी धनुष्याने शिकारी १५-२० मीटरच्या आतच सोडतो.

शिवाय ४५-५० पौंडांच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणात साधारण ५० जूल ऊर्जा असते. छोट्या रायफलीच्या साध्या .२२ गोळीत १५० च्या आसपास, मोठ्या शिकारी रायफलीच्या गोळीत जवळपास ४,०००. बाण धक्क्याने मारत नाही, तो धारेने कापतो आणि रक्तस्राव घडवतो. त्यामुळे टोक वस्तऱ्यासारखे हवे, आणि जखमी जनावराचा माग तासन् तास काढण्याची चिकाटी हवी. मुलीला खरेच शिकवायचे असेल तर मैदानाबरोबर पायखुणा, वाऱ्याची दिशा आणि दबकत चालणेही शिकवा. ही विद्या शिकार न करताही शिकता येते.

प्रश्न : भारतात सराव म्हणून डुक्कर किंवा ससा मारला तर चालेल का? (कोल्हापूरहून)

उत्तर : नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. शिकार धनुष्याने केली काय आणि ठासणीच्या बंदुकीने केली काय, गुन्हा तोच. शेतीचे नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करा. सरावासाठी गवताचे बिंडे पुरेसे आहेत. त्यांच्यामागे मातीचा बांध ठेवा, चुकलेला बाण दूर जाऊन कुणाला लागू नये म्हणून.