पोहायला शिकताना : टँक, विहीर, शेततळं आणि नदी

उन्हाळी बॅच सुरू झाल्या की प्रश्नांची पत्रं वाढतात. या खेपेला निम्मे प्रश्न टँकमधले आहेत आणि निम्मे टँकबाहेरच्या पाण्याचे. हात कसा मारायचा, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. श्वास कसा सोडायचा आणि पाण्यात परत उभं कसं राहायचं, हे मात्र कुणीच विचारलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच उत्तरांत गाडी तिथंच येणार आहे.

प्रश्न : माझं वय 58, शाळेतून निवृत्त झाले. लहानपणी घाटावर गटांगळ्या खाल्ल्या, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही छातीत धडधडतं. लेडीज बॅचला नाव घालावं म्हणते. या वयात जमेल का? आणि कपड्यांचं काय? – एक शिक्षिका, वाई

जमेल. तुमच्या वयाच्या बायकांना शिकवणं मला उलट सोपं जातं. त्या सांगितलेलं ऐकतात आणि घाई करत नाहीत. दहा वर्षांचा पोरगा पहिल्याच दिवशी पलीकडच्या काठाला जायचं म्हणतो.

भीती घालवायची म्हणून कुणी तुम्हाला ढकललं, तर त्या बॅचला पुन्हा जाऊ नका. पाण्यात आपण आपल्या पायांवर परत उभ्या राहू शकतो, हे अंगाला कळलं की भीती आपोआप उतरते. म्हणून पहिले काही दिवस पोहायचं नावच काढायचं नाही. साडेतीन फूट पाण्यात दांडी धरून उभ्या राहा. तोंडाने श्वास घ्या. आधी हनुवटी, मग ओठ, मग नाक पाण्यात घाला आणि नाकातोंडातून सावकाश हवा सोडा. बुडबुडे येऊ द्यात. डोकं वर आल्यावर हाताने तोंड पुसायचं नाही, नुसती पापण्यांची उघडझाप करायची. ऐकायला हे बारीक वाटतं, पण हात डोळ्यांकडे गेला की दांडी सुटते आणि तिथून घाबरगुंडी सुरू होते.

हे बिनघोर जमायला लागलं की दांडी धरून पालथं तरंगायचं आणि त्यातून उभं राहायचं. हे उभं राहणं बरेच शिकवणारे गाळतात. क्रम असा : गुडघे पोटाशी घ्या, तळहातांनी पाणी खाली दाबा, पाय तळाला लागले की मग डोकं वर. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. आधी डोकं उचलतो, पाय मागेच राहतात, आणि कमरेएवढ्या पाण्यात नाकातोंडात पाणी जातं. उताणं तरंगताना हनुवटी छातीशी आणायची, खुर्चीत बसल्यासारखं कंबरेत वाकायचं, हातांनी पाणी पुढे ओढायचं आणि पाय खाली सोडायचे. दांडी न धरता हे दोन्ही जमलं की माझ्या मते अर्धं पोहणं आलं. पुढचे हातपाय कुणीही शिकवेल.

कपड्यांचं म्हणाल तर सुती पंजाबी ड्रेस नको. तो भिजला की जड होतो आणि पायात अडकतो. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे नायलॉनचे पोहायचे पोशाख दुकानात मिळतात, लेडीज बॅचला बहुतेक जणी तेच घालतात. केसांना टोपी लावा. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : मी पैलवान आहे. जोर-बैठकांत मला कुणी मागे टाकत नाही. पण टँकमध्ये 15 मीटर गेलो की छाती फुटायची वेळ येते, आणि शेजारून सातवीतली मुलगी आरामात निघून जाते. काय चुकतंय? – मिरज

ती मुलगी श्वास सोडते, तुम्ही धरून ठेवता. तुमची धाप हवा कमी पडल्याची नाही, आत साठलेली हवा बाहेर न गेल्याची आहे. डोकं पाण्यात असताना श्वास कोंडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, छाती भरल्यासारखी होते, आणि तोंड वर आलं की सोडणं आणि घेणं ही दोन्ही कामं त्याच अर्ध्या सेकंदात उरकावी लागतात. त्यात तुम्ही श्वासासाठी डोकं वर उचलत असणार. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि आधीच जड असलेल्या मांड्या मागे नांगर टाकल्यासारख्या ओढतात. स्नायू चरबीपेक्षा जड असतो. म्हणून तालमीतला माणूस पाण्यात बुडाल्यासारखा राहतो, त्यात तुमचा काही दोष नाही. निश्चल तरंगायला जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. तळहात हलकेच आतबाहेर फिरवत राहिलात तरी पुरतं.

आठवडाभर वेग सोडा. दांडी धरून तोंड पाण्यात घाला आणि ‘हूंऽऽ’ असा सूर काढत नाकाने हवा सोडा. सूर तुटला म्हणजे तुम्ही श्वास कोंडलात. मग फ्रीस्टाइलमध्ये डोकं न उचलता बाजूला वळवा. श्वास घेताना एक डोळा पाण्यात राहिलाच पाहिजे. दहा मीटर जा, थांबा, श्वास जागेवर आला की पुढचे दहा. पाय गुडघ्यातून झाडू नका, मांडीपासून हलवा आणि घोटे सैल सोडा. आणि पैजेवर श्वास रोखून पाण्याखालून लांबी काढायची नाही, आधी भराभर खोल श्वास घेऊन तर नाहीच. त्यात चांगला पोहणारासुद्धा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो आणि काठावरच्यांना वाटतं, गडी अजून पोहतोय.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. आमचे वडील म्हणतात, ‘टँकला पैसे कशाला घालवता, बिंडा बांधून विहिरीत टाकतो, चार दिवसांत पोहतंय बघ. आम्ही सगळे असंच शिकलो.’ बायको ऐकायला तयार नाही. – तासगाव तालुका

निकाल सूनबाईंच्या बाजूने. पण आजोबांचं सगळंच टाकाऊ नाही.

ज्यांनी बिंडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी : पांगिऱ्याचं हलकं लाकूड पोराच्या पाठीला बांधायचं. कुठे सुका भोपळा असे, कुठे बुच लावलेला पत्र्याचा डबा, पुढे ट्यूब आली. त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आजही सोन्यासारख्या आहेत. एक, पोहणारं मोठं माणूस स्वतः पाण्यात, हाताच्या अंतरावर असायचं. दोन, आधार एकदम काढत नसत, रोज थोडा कमी करत. आजच्या कित्येक उन्हाळी बॅचमध्ये तीस पोरांमागे एक सर काठावर शिट्टी घेऊन उभे असतात. त्यापेक्षा आजोबा परवडले.

चुकतं ते ‘टाकतो’ इथं. विहिरीत उथळ बाजू नसते, म्हणजे उभं राहायला शिकायची सोयच नाही. पाठीवरच्या आधाराने पोरगं पालथं राहतं आणि तोंड वर ठेवायला मान ताणतं. ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. दोरी सैल होऊन बिंडा कंबरेकडे सरकला तर कंबर वर आणि डोकं खाली होतं. शिवाय साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीसारखी ऐसपैस पायऱ्यांची विहीर आता कुणाच्या रानात आहे? आताच्या विहिरींना उभ्या सिमेंटच्या रिंगा आणि आत विजेची मोटर. केबल कुठे सोललेली असेल तर पोहणं येऊनही उपयोग नाही. आणि ‘आम्ही सगळे असंच शिकलो’ म्हणणाऱ्यांत जे पाण्याला कायमचे भ्याले ते नसतात. ते पन्नाशीला आमच्याकडे येतात.

तेव्हा असं करा. पोराला टँकमध्ये उताणं तरंगणं, पाय न टेकता पाच मिनिटं जागेवर राहणं आणि उडी मारून काठाला परत येणं शिकू द्या. मग मोटरचा मेन स्विच बंद करून, कमरेला दोर बांधून आजोबांनी त्याला विहिरीवर न्यावं. मुटका कसा मारायचा, हे आजोबांइतकं चांगलं मला शिकवता येणार नाही.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. आता शिकवायला सुरुवात करावी का? दंडात घालायचे फुगे घेतलेत. – सातारा

पाण्यात खेळायला आणा, हात-पाय शिकवायची घाई नको. नीट पोहणं साधारण सहाव्या वर्षापासून पटापट उतरतं. दंडातल्या फुग्यांनी मूल पाण्यात उभंच राहतं, आडवं व्हायला शिकत नाही. आणि आपण तरंगतोच असा त्याचा समज होतो. एके दिवशी ते फुगे न घालता तसंच पाण्यात उतरतं. तुमचा हात हाच तिचा फुगा. हात पोचेल एवढ्या अंतरावर राहा, आणि मोबाइल बॅगेत ठेवा.

प्रश्न : आमचं शेततळं घरापासून शंभर पावलांवर आहे. दोन लहान मुलं आहेत. मला आणि मालकांना दोघांनाही पोहता येत नाही. – आटपाडी तालुका

या खेपेचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

शेततळ्यात पोहणारा माणूससुद्धा बुडतो. उताराच्या बाजू, त्यावर 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणारा काठापर्यंत येतो, पण पाय घसरतो, हाताला धरायला काही लागत नाही, आणि वर येण्याच्या धडपडीत दमतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. एकाच घरातले दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच.

कुंपण आणि कुलपाचं फाटक हवंच. पण ते होईपर्यंत थांबू नका. चारी बाजूंना बांधावर पक्का खुंटा ठोका, त्याला नायलॉनचा जाड दोर बांधा, दर फूट-दीड फुटाला गाठ मारा आणि दुसरं टोक उतारावरून पार तळापर्यंत सोडा. पाण्याची पातळी उतरली तरी दोर हाताला लागला पाहिजे. जुने टायर दोरात ओवून सोडले तर पाय रोवायला पायऱ्या होतात. झाकण घट्ट लावलेले रिकामे 20 लिटरचे कॅन, प्रत्येकाला लांब दोरी बांधून, काठावर ठेवा. कुणी पाण्यात पडलं तर कॅन फेका, कासरा फेका, बांबू द्या, साडी सोडा. देताना स्वतः पोटावर आडवं पडा, नाहीतर बुडणारा तुम्हालाही ओढतो. कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक खुंट्याला असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

बुडणारं मूल ओरडत नाही, हेही लक्षात असू द्या. त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासालाच वेळ पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? पोरं पाण्याजवळ आहेत आणि एकदम गप्प झालीत, तर पळत जा.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, यातलं काहीही करू नका. पोटातलं पाणी घशाशी येऊन फुप्फुसात जातं आणि हातातला वेळ जातो. श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 च्या लयीत, पुन्हा दोन श्वास, पुन्हा 30. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर आत गेली पाहिजे. लहान मुलाची जाडीच्या एक तृतीयांश. दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 लावायला सांगा. शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसाला सूज नंतरही चढते. हे नुसतं वाचून हातात बसत नाही. कुठे प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर नवरा-बायको दोघांनीही बाहुलीवर दाबून बघा.

प्रश्न : लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक आहे. वय 34. टँकवाले म्हणतात, रिस्क नको. – वाळवा तालुका

त्यांना तुमच्याच तालुक्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांची आठवण करून द्या. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आलं. त्यानंतर उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि 1972 च्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

तुम्हाला सुरुवात उताण्या पोहण्यापासून सोपी जाईल, श्वासाची कटकट राहत नाही. बारीक पाय हलका असल्याने वर तरंगेल आणि अंग एका बाजूला कलंडायला बघेल. दोन्ही मांड्यांच्या मध्ये फोमचा ठोकळा धरला की ते थांबतं, आणि सगळं काम हातांवर येतं. टँकला पायऱ्या आणि धरायला दांडी आहे का, एवढं आधी बघून घ्या. ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका पाण्यातल्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : टँकमध्ये न थांबता 20 लांब्या मारतो. आता कृष्णेत पोहायचंय. पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारतात त्यांच्यासोबत जाऊ का? – सांगली

उड्यांचं उत्तर : नाही. पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा असतो, 45 वर धोका, आणि 2019 ला ते 57 फुटांवर गेलं होतं. त्या पाण्यातून झाडं, ओंडके, तारा वाहत असतात. त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. पुरात नावेत बसायची वेळ आली तर पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालूनच बसा.

एरवीच्या कृष्णेचं उत्तर लांब आहे. टँकमध्ये दर 25 मीटरला भिंत मिळते, तळ दिसतो. नदीत यातलं काही नाही. तुमच्या 20 लांब्यांतल्या प्रत्येक वळणावर भिंतीला दिलेला धक्का आणि तेवढी उसंत वजा करा, मग खरा आकडा कळेल. आधी टँकमध्येच भिंतीला न शिवता वळा, मधूनमधून डोकं वर काढून समोरची खूण बघत पोहा, आणि अर्धा तास न टेकता राहून दाखवा. नदीत वाळू उपशाने झालेले डोह आहेत. इथं पाऊस नसतानाही कोयनेतून पाणी सुटलं की पातळी चढते. प्रवाहात सापडलात तर समोरासमोर झुंजू नका. पाणी नेईल तिकडे जात तिरकं काठाकडे सरका. भिलवडी-औदुंबरापासून खालच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्यांच्या हल्ल्यात माणसं दगावली आहेत. पहाटे, तिन्हीसांजेला आणि निर्जन काठाला तर उतरूच नका. उन्हाळ्यात अंडी-पिल्लांपाशी मादी जास्त चिडलेली असते. नदीत उतरायचंच तर घाटावरच्या रोजच्या पोहणाऱ्या जुन्या मंडळींसोबत, ते सांगतील त्या जागी आणि तेवढंच. ते आज नको म्हणाले, तर आज नको.

प्रश्न : पोहून आल्यावर डोळे लाल होतात, कानात पाणी राहतं. क्लोरिन जास्त असतं का? – कराड

डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरिन घाम आणि लघवीत मिसळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. आंघोळ न करता टँकमध्ये उतरणाऱ्यांची ही देणगी. गॉगल लावा आणि आधी-नंतर साध्या पाण्याने आंघोळ करा. कानासाठी मान कलती करून पाळी हलकेच ओढा, पाणी निघून येतं. काडी घालू नका, तेल सोडू नका. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.