यूव्ही-सी मोजायला निघालायस? आधी एवढं कर

भावा, यूव्ही-सी म्हणजे जंतू मारणारे अतिनील किरण, तेव्हा पहिल्या दिवशी आकड्यामागं धावू नकोस. आधी डोळे आणि कातडी झाक. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही-सी दिवा दिसतो मंद निळसर, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत चुरचुरतं. उद्यमनगरातल्या शेडमध्ये मी ते भोगलंय.

- दिवा दहा-पंधरा मिनिटं तापू दे, मगच मीटरचा आकडा घे.
- सेन्सरपुढं साधी काच नको, ती हे किरण अडवते; त्यांना आरपार जाऊ देणारी क्वार्ट्झच हवी. धूळ बसू नये म्हणून मी खिडकीच्या काचेचा तुकडा लावला, मीटर शून्यावर! चांगला दिवा उगाच बदलला.
- अंतर पट्टीनं मोज, दरवेळी तेच ठेव.

स्वस्त मीटर फक्त तुलनेला. मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटरचा खरा आकडा हवा तर सेन्सर २५४ लाच कॅलिब्रेट केलेला (प्रमाण मापाशी ताडून घेतलेला) पाहिजे. फेरीऑक्झॅलेटची रासायनिक पद्धत (प्रकाशानं हे रसायन किती बदललं त्यावरून मोजायचं) नंतर बघू.