सूरा मक्की, पण आयत?

प्रश्न : कुरआनच्या अनुवादात प्रत्येक सूरेच्या (अध्यायाच्या) नावाजवळ ‘मक्की’ (मक्केची) किंवा ‘मदनी’ (मदिनेची) असे छापलेले असते. म्हणजे ती सूरा त्या शहरात उतरली असे समजायचे का? अर्थ लावताना त्याचा उपयोग काय?

उत्तर : शहर नव्हे, काळ पाहायचा. इ.स. ६२२ च्या हिजरतीआधी (प्रेषितांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराआधी) उतरले ते मक्की, नंतरचे मदनी. ‘आज मी तुमचा धर्म तुमच्यासाठी परिपूर्ण केला’ (५:३, म्हणजे पाचव्या सूरेची तिसरी आयत, अर्थात वचन) हे शब्द अखेरच्या हजच्या वेळी मक्केजवळच्या अरफातला उतरले, तरी ते मदनीच. स्थळावरून विभागणी केली, तर प्रवासात उतरलेल्या आयती कुठल्याच खान्यात बसत नाहीत.

दुसरी गोष्ट, शिक्का सूरेवर असतो आणि अर्थ आपण आयतीचा लावतो. सूरा मुज़्ज़म्मिल (७३) मक्की आहे. तिच्या आरंभी रात्री दीर्घकाळ नमाजसाठी उभे राहण्याचा आदेश आहे. विसाव्या आयतीत तो सौम्य होतो; तिथे अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्यांचाही उल्लेख येतो, म्हणून अनेक मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) ती आयत मदनी मानतात.

उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो तो मद्याच्या आयतींत. ग्रंथाच्या क्रमाने वाचले तर २:२१९, ४:४३, ५:९० आणि मग १६:६७ येते. जणू मनाईनंतर खजूर-द्राक्षांच्या मादक पेयाचा साधा उल्लेख आला! अवतरणाचा क्रम वेगळा आहे. आधी मक्की १६:६७. मग ‘लाभापेक्षा पाप मोठे’ (२:२१९). मग नशेत नमाजजवळ जाऊ नका (४:४३). शेवटी पूर्ण मनाई (५:९०). ४:४३ एकटी उचलली, की नमाजबाहेर मोकळीक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून आधी त्या आयतीविषयीची सहाबांची (प्रेषितांच्या सोबत्यांची) आणि ताबिईंची (त्यांच्या पुढच्या पिढीची) कथने पाहावीत, मक्की-मदनी ओळखण्याच्या शब्दांच्या खुणा त्यानंतर. ‘कल्ला’ (मुळीच नाही) हा शब्द १५ सूरांत ३३ वेळा येतो आणि त्या सगळ्या मक्की आहेत. पण तो नाही म्हणून सूरा मदनी ठरत नाही. ‘या अय्युहन्नास’ (हे लोकहो) ही तर फारच कच्ची खूण, कारण मदनी सूरा निसा त्याच शब्दांनी सुरू होते.

आणि केवळ आयत नंतरची आहे म्हणून आधीची मन्सूख (रद्द) झाली असे धरू नये. दोन्हींचा मेळ बसतच नसेल आणि क्रम पक्का असेल, तरच नस्खचा (आधीचा हुकूम नंतरच्याने रद्द होण्याचा) विचार करावा. सूरा रअद किंवा रहमानसारख्या सूरांच्या काळाबद्दलच मतभेद आहेत. तिथे निव्वळ काळाच्या आधारावर हुकूम काढू नये.