देवाला सगळं सांगितलं, नवऱ्याला काहीच नाही

नुकतं लग्न झालेल्या मुलींकडून एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. "मी रोज मनापासून प्रार्थना करते, सगळं देवावर सोपवते, तरी नवऱ्याचा राग येतोच. माझी श्रद्धाच कमी पडते का?" उत्तर म्हणून एकीची गोष्ट सांगते. त्याला तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चोवीस-पंचवीस, नोकरी करणारी, लहानपणापासून देवावर गाढ विश्वास. नवरा देव न मानणारा. तो तिची थट्टा करत नसे, आडही येत नसे, त्याला त्यात रस नव्हता इतकंच. हे दोघांनी लग्नाआधीच बोलून घेतलं होतं. तरी आता संसारात जे बिनसतंय ते याच्यामुळेच, अशी तिची खात्री झाली होती. दोघं मिळून प्रार्थनेला बसलो असतो तर ही वेळ आली नसती, असं ती म्हणायची.

बिनसलं होतं म्हणजे काय, तर अबोला. भांडण कधी होतच नव्हतं. घरातलं जवळजवळ सगळं तिच्या अंगावर पडलं होतं आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. ती गप्प राहून उरकायची आणि मग प्रार्थनेला बसायची.

मी तिला विचारलं, "प्रार्थनेत काय बोलतेस?"

ती जरा संकोचली. मग म्हणाली, "देवा, त्याला सुबुद्धी दे. मी थकते हे त्याला कळू दे. पैशांचं काही ठरवताना मला विचारू दे. माझ्या आईची एकदा तरी चौकशी करू दे."

"आणि यातलं त्याला काय काय सांगितलंस?"

"त्याला कशाला सांगायचं? आपलं आपल्याला कळायला नको?" मग आवाज खाली आला. "सांगितलं की वाद होतात, मॅडम. बायकोनं सोसावं, असंच मी शिकलेय."

मला हे ऐकून वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कुटुंबांचा अभ्यास करताना असं मांडलं, की दोघांमधला ताण असह्य झाला की माणूस तिसऱ्याला मध्ये घेतो. हा तिसरा बहुधा आई असते, मैत्रीण असते, कधी मूल असतं. तिसऱ्याजवळ मन मोकळं झालं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मूळ दोघांमधला गुंता तसाच राहतो. श्रद्धाळू माणसाच्या बाबतीत ही जागा देवालाही मिळू शकते. तिची तक्रार रोज देवाकडे जात होती, आणि ज्याच्याविषयी तक्रार होती त्याला तिचा पत्ताच नव्हता.

मग प्रार्थना सोडायची का? मुळीच नाही. ती सोडायला सांगणाऱ्या सल्लागाराशी मी वाद घालीन. मार्क बटलर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये श्रद्धाळू जोडप्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की वादाच्या वेळी केलेल्या प्रार्थनेने मनातली कटुता उतरते आणि आपण स्वतः काय बदलू शकतो याकडे लक्ष वळतं. म्हणजे प्रार्थना करून माणूस पुन्हा जोडीदाराकडे वळतो. हिची प्रार्थना तिथपर्यंत पोहोचतच नव्हती, कारण ती संपली की विषय संपला, असं तिने धरलं होतं.

मी तिला प्रार्थनेतली प्रत्येक मागणी कागदावर लिहायला लावली. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हे नवऱ्याच्या हातात आहे का? आईच्या दुखण्याची भीती, मनातली उदासी, कृतज्ञता हे देवाजवळच राहिलं. बाकीची यादी बरीच लांब निघाली. ती वाचून तीच म्हणाली, "म्हणजे यातलं अर्धं तर मी चुकीच्या दारात मागत होते."

नवऱ्याशी बोलायला सुरुवात कशी करायची याची आम्ही तालीम केली. जोडप्यांच्या नात्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात वादाच्या पहिल्या तीन मिनिटांचा सूर फार बोलका ठरला होता. आरोपाने सुरू झालेलं बोलणं सहसा आरोपातच संपतं. "तुला माझी किंमतच नाही" हे तिच्या मनातलं ठरलेलं वाक्य होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "सकाळी मी एकटीच धावते आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत रडू येतं. सकाळची दोन कामं तू घे." तो गोंधळला. "तू कधी बोलली नाहीस," म्हणाला. तिला त्याचा राग आला, पण त्याचं म्हणणं खरंही होतं. दोन कामं त्याने घेतली. एक अजून विसरतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. बोलल्यावर मार बसेल अशी भीती जिथे आहे तिथे हा मार्ग नाही. तिथे आधी सुरक्षितता पाहायची आणि बाहेरची मदत घ्यायची. मारहाण सोसणं म्हणजे श्रद्धा नव्हे.

राहिला देव मानण्या-न मानण्याचा प्रश्न. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे 69 टक्के मतभेद कधीच पूर्ण मिटत नाहीत. टिकलेली जोडपी त्यांच्याबद्दल बोलत राहतात. मी तिला हे स्पष्ट सांगितलं, कारण तो बदलेल या आशेवर तिने सगळा संसार टांगून ठेवला होता. तिने त्याला एकदा सरळ विचारलं, "माझ्याबरोबर बसशील?" तो म्हणाला, "खोटं खोटं बसायला मला जमणार नाही. पण तू बसलेली असताना टीव्ही लावणार नाही, कुणी आलं तर दार मी उघडेन." हे मला सांगताना ती रडली. तिला हवं होतं ते मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं ते खोटं नव्हतं. त्यानंतर आम्ही यादीतल्या पैशांच्या मुद्द्याकडे वळलो. तो सर्वांत अवघड होता.