संशोधनासाठी लॅब बघायला जाशील तेव्हा
विभागाच्या यादीतल्या यंत्रांना भुलू नकोस. थेट लॅबमध्ये जाऊन लॉगबुक चाळ. एसईएमच्या (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) वहीत शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची असेल, तर ते यंत्र शोभेचं समज. स्लॉट किती दिवसांनी मिळतो, स्वतः चालवू देतात की ऑपरेटरच्या मागे फिरावं लागतं, हे सीनियर्सना विचार. सर सांगतीलच असं नाही.

कमी तापमानाचं काम असेल तर द्रव हीलियमची चौकशी आधी कर. द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, हीलियम ४.२ ला, म्हणून फार खाली जायचं तर हीलियमच हवा. आमच्याकडे हीलियम संपला आणि माझे दोन महिने जुना डेटा उगाळण्यात गेले. आणि हो, नायट्रोजन कोंदट खोलीत ओतू नकोस. वायू होताना तो सुमारे ७०० पट फुगतो, खोलीतला ऑक्सिजन कमी होतो आणि बेशुद्ध पडेपर्यंत पत्ता लागत नाही.