पत्र मुलाच्या अक्षरात आहे

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी वडिलांनी तीन पानी पत्राचे फोटो पाठवले आहेत. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने केवळ आशय देतो. पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर, सोसायटीचे कर्ज दोन वर्षांपासून थकलेले, मुलगी लग्नाची, मुलगा अठरा वर्षांचा, बारावी विज्ञान शाखेत ६१ टक्के. सैन्यात चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या अग्निवीरांच्या भरतीची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला, परंतु मैदानावर धावण्यात काही सेकंदांनी मागे पडला. आता तो पहाटे वडिलांबरोबर आणि सायंकाळी तालुक्याच्या अकॅडमीत धावतो. पत्रासोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण आहे : सैन्यात अधिकारी-जवान मिळून एक लाखाहून अधिक माणसे कमी असल्याबद्दल संसदीय समितीची चिंता. वडील विचारतात, ‘एवढ्या जागा खाली आहेत, तर पोरगा यंदा नक्की लागेल ना? आणि माणसेच कमी आहेत, तर चार वर्षांनी सरकार सगळ्यांनाच ठेवून घेईल ना?’

सप्रेम नमस्कार, भाऊ.

आपले अक्षर चांगले नसल्याने पत्र मुलाच्या हातून लिहून घेत आहोत, असे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्या पानावरचे ‘तीन हप्ते झाले, नडगी दुखते म्हणते, रात्री उठून बसते, पण मले माहीत आहे, पोट्टं नाटकं करते’ हे वाक्य तुम्ही बोललात आणि ज्याच्याविषयी ते होते त्यानेच ते कागदावर उतरवले. तुम्ही बहुधा ‘पाय’ म्हणाला असाल, कारण त्याने आधी तसे लिहिले आहे, मग तो शब्द खोडून त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘नडगी’ असे लिहिले आहे. बाकी वाक्यात त्याने काहीही बदललेले नाही, ‘नाटकं’ हा शब्दसुद्धा नाही. तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे, परंतु त्या खोडलेल्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो, हे तुम्हाला सांगितले पाहिजे.

नाटक करणारा मुलगा दुखण्याची जागा इतकी नेमकी सांगत नाही. डांबरी रस्त्यावर दिवसातून दोन वेळा, विश्रांतीचा एकही दिवस न घेता धावणाऱ्या मुलांच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडू शकते, आणि आरंभीच्या काळात ती साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नसते. विश्रांती घेत असतानाही, विशेषतः रात्री, एकाच जागी दुखणे हे तिचे लक्षण असू शकते. तसे निघाले तर सहा ते आठ आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवावे लागते, आणि न ठेवल्यास आज केसाएवढी असलेली चीर उद्या मोडलेले हाड होते, मग यंदाचीच काय, पुढचीही भरती हातची जाते. निदान मी करू शकत नाही. म्हणून याच आठवड्यात त्याला जिल्हा रुग्णालयातील किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा, आणि ते पाहीपर्यंत एक पाऊलही धावू देऊ नका. अकॅडमीचे सर ‘गरम पाण्याने शेका आणि पळा’ असे म्हणतील. त्यांची महिन्याची फी मुलगा मैदानावर असला तरच येते, एवढे ध्यानात असू द्या.

पहाटे साडेचारला किलोमीटरच्या दगडाजवळ मोबाइलमधले घड्याळ लावून तुम्ही स्वतः उभे राहता, असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. दिवसभर शेतात राबून पुन्हा पहाटे मुलासाठी उठणाऱ्या बापाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरीही वाचताना मोजल्याशिवाय राहवले नाही : तीन पानांत मुलाचे नाव एकदा आले आहे आणि अग्निवीराला चार वर्षांनी मिळणारी ‘अकरा लाख एकाहत्तर हजार’ ही रक्कम चार वेळा. सोसायटीला किती द्यायचे, मंडप आणि सोन्याला किती लागेल, उरलेल्यात विहिरीवर मोटर कोणती बसवायची, हे सर्व तुम्ही मांडून ठेवले आहे. इतकेच नव्हे, तर सोयरिकीच्या बैठकीत ‘चार वर्षांत पैसा मोकळा होतो’ असा शब्दही देऊन आला आहात. मुलगा अजून भरती झालेला नाही, आणि त्याच्या चार वर्षांच्या नोकरीचा शेवटचा रुपया खर्चून झाला आहे. त्या दगडाजवळ तुमच्या हातातले घड्याळ त्याला सेकंद दाखवीत नसेल, बहिणीचे लग्न दाखवीत असेल.

आता त्या रकमेविषयी. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये मिळतात असे तुम्ही धरले आहे. प्रत्यक्षात त्यातले ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीसाठी, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या त्या एकरकमी रकमेसाठी, कापले जातात आणि हातात २१,००० येतात; चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० येतात. चार वर्षांत त्याच्या पगारातून ५ लाख २ हजार कापले जातात, तेवढीच भर सरकार घालते आणि व्याजासह ११ लाख ७१ हजार होतात. थोडक्यात, ज्या रकमेला तुम्ही सरकारने दिलेली थैली समजता, तिचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे त्याच्याच पगारातून मागे राहिलेले पैसे आहेत. त्यावर प्राप्तिकर नाही, ही गोष्ट चांगली. परंतु निवृत्तिवेतन नाही आणि उपदानही (ग्रॅच्युइटी) नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो गावी परत आला, तर पुढच्या आयुष्याची सुरुवात करायला त्याच्याजवळ हेच भांडवल असेल, आणि तेच तुम्ही आधी सोसायटीच्या नावे लिहून टाकले आहे.

तुमच्या कात्रणातील आकडा खरा आहे, पण त्याचा तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा आहे, आणि हीच चूक मी गेल्या काही महिन्यांत अनेक पालकांच्या तोंडून ऐकली असल्याने तिच्यावर सविस्तर लिहितो. सैन्याची एक मंजूर संख्या असते आणि तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती जण आहेत हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे मांडले जाते. २०२५ च्या मार्चमध्ये समोर आलेल्या माहितीनुसार जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी (सुभेदार वगैरे) मिळून सुमारे ९२ हजार कमी होते आणि अधिकारी आठ हजारांहून अधिक कमी होते. ही तूट एका रात्रीत पडलेली नाही. २०१९-२० मध्ये ८० हजारांवर जवान भरती झाले होते. त्यानंतर कोविडच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी सलग दोन वर्षे सैन्यात एकही जवान भरती झाला नाही, निवृत्त होणारे मात्र दरवर्षी निवृत्त होतच राहिले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६ हजार जागा जाहीर झाल्या. एवढ्याने मागची दोन वर्षे कशी भरून निघणार? तूट म्हणजे जाहिरात नव्हे, भाऊ. दरवर्षी किती मुले घ्यायची हे सरकार पैसा, प्रशिक्षण केंद्रांची क्षमता आणि धोरण पाहून ठरवते, आणि त्या संख्येतला वाटा राज्याराज्यांतील भरतीयोग्य तरुणांच्या संख्येनुसार पडतो. सैन्यात एक लाख जण कमी आहेत म्हणून आपल्या भागातील मैदानावरची रांग एका मुलानेही लहान होत नाही. उलट, माणसे कमी असली की असलेल्यांवर ताण वाढतो. नियमित जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, अग्निवीराला वर्षाला तीसच दिवस. सैन्याच्या मनोबलाविषयी संसदेत जी काळजी बोलून दाखवली जाते तिचा संबंध अशा गोष्टींशी आहे, आणि ते कात्रण तुम्ही नोकरीची हमी म्हणून वाचलेत.

राहिला प्रश्न सर्वांना ठेवून घेण्याचा. योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत जातात. पुढे हे प्रमाण वाढेलही, परंतु ‘समिती म्हणाली’ म्हणजे ‘सरकारने केले’ असे नसते. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. सरकार तिच्यावर काय केले ते कळवते, इतकेच. समान पद, समान निवृत्तिवेतनाचे उदाहरण घ्या. राज्यसभेच्या याचिका समितीने ती मागणी मान्य करण्याची शिफारस २०११ मध्ये केली होती (समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले), आणि सरकारी आदेश निघाला २०१५ च्या नोव्हेंबरात, तोही माजी सैनिक जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसल्यानंतर. तुमच्या मुलीच्या सोयऱ्यांनी तेवढे थांबावे असे तुम्हाला वाटते का?

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशेबात कोठेही नाही, आणि ती लिहिताना मलाही जड जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा अग्निवीर मुलगा सियाचिनमध्ये सेवेत असताना मृत्युमुखी पडला. अशा प्रसंगी कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचे वेतन मिळते, परंतु नियमित जवानाच्या घरच्यांप्रमाणे आयुष्यभराचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. हा फरक राहू नये, अशी शिफारस स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. मी तुम्हाला घाबरवत नाही. ज्याला ही नोकरी मनापासून हवी आहे तो हे सर्व माहीत असूनही जातो, आणि आपल्या वऱ्हाडातून असे पुष्कळ गेले आहेत. पण जाणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला दोघांनाही हे माहीत असले पाहिजे.

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊकच असतील. राज्य पोलीस भरती आणि केंद्रीय दलांची कॉन्स्टेबल भरती, जिची लेखी परीक्षा आता मराठीतूनही देता येते, या दोन्हींत धावावे लागतेच, म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच नडगीपाशी येतो. ज्या वाटेविषयी तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही ती वेगळी आहे. २०२५ च्या त्याच माहितीनुसार जवानांमधली तूट साडेसात टक्क्यांच्या आसपास होती आणि अधिकाऱ्यांमधली सोळा टक्क्यांहून अधिक. ‘अधिकारी होणे हे आपल्या पोरांचे काम नाही’ असे तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, आणि हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) त्याला आज झेपेल असे मात्र मी म्हणणार नाही. बारावीच्या ६१ टक्क्यांवर त्या गणिताच्या पेपराला सामोरे जाणे कठीण आहे आणि वयही हातातून निसटत आले आहे. परंतु ज्या महाविद्यालयात एनसीसी आहे तेथे त्याने बीएस्सीला प्रवेश घेतला, तीन वर्षांत ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवी किमान ५० टक्क्यांनी मिळवली, तर लेखी परीक्षा न देता शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाच्या, एनसीसी प्रवेशासाठी त्याला अर्ज करता येतो. मग निवड मंडळाच्या मुलाखतीचा अडथळा पार करायचा. तो अडथळा मोठा आहे, आणि इंग्रजी बोलण्याची तयारी आजपासून करावी लागेल. यात अग्निवीरची वाट बंद होत नाही. पाय बरा झाला आणि त्याची इच्छा असली तर पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज करावा.

कर्जाचे उत्तर मुलाच्या पायात शोधू नका. तो माझा विषय नव्हे, तरी एवढे सांगतो : तुमच्या गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली असेल, तर पीककर्जाचे पुनर्गठन ही शासनाने द्यायची सवलत आहे. सोसायटीच्या गटसचिवांना त्याविषयी तोंडी विचारू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आणि सोयऱ्यांना जाऊन सांगा की दिलेला शब्द घाईत दिला होता. चार माणसांत मान खाली जाईल, हे मला कळते. तरी मुलगा मैदानावर दुसऱ्यांदा मागे पडल्यानंतर सांगण्यापेक्षा आज सांगणे सोपे आहे.

हे उत्तरही बहुधा तोच तुम्हाला वाचून दाखवील. म्हणून आता दोन ओळी त्याच्यासाठी : बाळा, वडिलांनी सांगितले ते तू प्रामाणिकपणे लिहिलेस, आता हेही एक वाक्य न गाळता वाच. वरची डॉक्टरांची गोष्ट वाचून झाली की थांब आणि कोणत्या दिवशी जायचे ते तेथेच बसून ठरवून घे. तुला सैन्यात जायचे आहे की नाही हे मला तुमच्या तीन पानांतून कळले नाही, कारण ते कोणी लिहिलेच नाही. पुढचे पत्र तू स्वतः लिही, कोणी सांगितल्याशिवाय. आणि भाऊ, तो ते लिहीत असेल तेवढा वेळ तुम्ही शेतात जा.